चवळीखाऊंचे पाणी

मंगळवार, २४ जून २००८. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. न्याराबुगूच्या रोपवाटिकेत भाताच्या रोपांचे छत्तीस वाफे होते आणि गावच्या पाटात पाणी शून्य होते.

पाटाच्या मुखाशी लोखंडी दार होते. दाराच्या अलीकडे नायजर नदीचे पाणी आणणारा सरकारी कालवा काठोकाठ भरून वाहत होता आणि दाराच्या पलीकडे गावचा पाट तळाला भेगा पडून कोरडा होता. पाणी आणि रोपे यांच्यामध्ये एक पत्रा आणि मुठीएवढे एक कुलूप, एवढेच काय ते अंतर होते.

त्या कुलपासमोर थोआ उकिडवी बसली होती. अठ्ठावन्न वर्षांची ही व्हिएतनामी बाई हनोईच्या पाटबंधारे तंत्रनिकेतनात शिकली होती. खाचरांना पाणी पोहोचवण्यात तिने उभे आयुष्य घातले होते आणि नोकरीच्या अखेरीस, भात लावण्याची सुधारित पद्धत शिकवण्यासाठी, तिला माली देशातल्या या गावी पाठवण्यात आले होते. गेला हंगाम जमीन समजून घेण्यात गेला. हा दुसरा हंगाम, आणि शेवटचा. वाफ्यांतली रोपे शेंड्याकडून पिवळी पडू लागली होती. गावातल्या बायका कालव्यातून बादल्या भरभरून ती कशीबशी जगवत होत्या, परंतु बादल्यांनी वाफा जगतो, शेत लावून होत नाही. आज-उद्या पाणी सुटले नाही तर रोपे जातील आणि गावाला या वर्षी भात नाही, हे तिला तळहातावरच्या रेषेइतके स्पष्ट दिसत होते.

बांधावरून झुमाना जारा येताना दिसला. सत्तरी ओलांडलेला, उंच, निळ्या झग्यातला म्हातारा. पाट खोदला गेला तेव्हापासून तोच गावचा पाटकरी. कुणाच्या रानाला पाणी आधी आणि कुणाच्या नंतर, हे तो सांगे आणि गाव मुकाट्याने ऐके. दाराची किल्ली त्याच्या गळ्यात चामड्याच्या दोरीला लटकत असे.

थोआ उठून उभी राहिली आणि दोन्ही हात जुळवून किंचित वाकली.

"मादाम, रात्र शांततेत गेली ना?" झुमानाने टोपीला हात लावत विचारले.

"शांततेत गेली, बाबा. आपली?"

"शांततेत. आपल्या देशाकडची मंडळी सुखरूप?"

"सुखरूप. आपल्या घरची?"

"अल्लाच्या कृपेने सगळे सुखरूप. कोंबड्यासुद्धा."

हे सारे यथासांग झाल्याशिवाय मुद्द्यावर यायचे नसते हे थोआ कधीच शिकली होती. मग ती म्हणाली, "बाबा, रोपं पिवळी पडताहेत. आज दार उघडलंत तर वाचतील. मी मातीतली ओल मोजलीय. हा बघा हिशेब."

"आपला हिशेब बरोबरच असणार, मादाम. आपण शिकलेल्या."

"मग उघडता?"

"उघडेल. वेळ आली की उघडेल."

"पण वेळ कधी येणार?"

"ते मी कसं सांगू, मादाम? ते माझ्या हातात नाही." एवढे म्हणून त्याने पुन्हा टोपीला हात लावला, छातीवरची किल्ली सारखी केली आणि तो आला तसा निघून गेला.

थोआ त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. हा असला अतिसभ्य नकार तिने आजवर फक्त मोठ्या कचेऱ्यांतून ऐकला होता. नवल म्हणजे, पहिल्या वर्षी हाच म्हातारा तिला येता-जाता भर बाजारात "ए चवळीखाऊ!" अशी हाक मारी. ती खाली मान घालून, नमस्कार करून पुढे जाई. आपल्या सौजन्याने अखेर त्याची जीभ वळली आणि तो आपल्याला मान देऊ लागला, अशी तिची समजूत होती. तिला त्याचा थोडासा अभिमानही होता.

नऊच्या सुमारास विभागीय कचेरीतून फोन आला. साहेब तरुण होते आणि घाईत होते.

"मादाम थोआ, एक म्हातारा सगळी योजना अडवून बसतो म्हणजे काय? कुलूप तोडा. लागलेच तर दोन पोलीस पाठवतो."

"पोलीस नकोत," थोआ म्हणाली. "पण पाणी आज सुटेल."

तिने फोन खिशात टाकला, अवजारांच्या खोलीत गेली आणि लोखंड कापायची करवत उचलली. तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी तिच्या हाती दिलेले पहिले अवजार हेच होते. त्या वर्गात मुली चारच होत्या, आणि गुरुजींनी दिलेली सळई सर्वांत आधी कापून ठेवली होती ती थोआने. तेव्हापासून एखादे काम आज करायचे ठरले की ते आजच होई.

बांधाच्या मध्यावर कोरोतुमू आडवी आली. डोक्यावर भरलेली बादली, एक हात कमरेवर. थोआ हिच्याच वाड्यात भाड्याने राही. कोरोतुमूचा नवरा लासिना त्राओरे याने थोआ आली त्याच दिवशी अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असे जाहीर केले होते, "माझ्या छपराखाली राहतेस ना? मग तू त्राओरे. आजपासून माझी बहीण." त्या नात्याने कोरोतुमू तिला वन्सं म्हणे आणि थोआ तिला वहिनी म्हणे. परक्या माणसाला आडनाव देण्याची ही एक गोड रीत, एवढाच त्याचा अर्थ थोआने लावला होता. लासिना गेल्या वर्षी भात कापून झाल्यावर अचानक वारला.

"वन्सं, ती करवत कुणासाठी?"

"कुलपासाठी."

"आणि कुलूप कापल्यावर?"

"पाणी सोडायचं."

"आणि उद्या? पाळी कोण लावणार? पहिलं रान कुणाचं, शेवटचं कुणाचं, हे गाव कुणाचं ऐकणार? तुझ्या करवतीचं?"

"मग तुम्ही सगळे त्याला बोलत का नाही?" थोआचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुझीही रोपं आहेत त्यात. रोज मान मोडेपर्यंत बादल्या वाहतेस. तो का अडवून बसलाय, एवढं तरी कुणी विचारलं का त्याला?"

"विचारायचं काय त्यात? सगळ्या गावाला ठाऊक आहे." कोरोतुमूने बादली खाली उतरवली. थोआच्या तोंडाकडे ती बराच वेळ निरखून पाहत राहिली. "थांब. तुला ठाऊक नाही?"

"काय?"

"अगं बाई. हिला खरंच ठाऊक नाही. आणि आम्ही समजतोय, ही रागानं बोलत नाही!" तिने बांधावर फतकल मारली आणि शेजारची जागा थोपटली. "बस. करवत ठेव आधी खाली, मला ती बघून भीती वाटते. आता सांग, गेल्या वर्षी दार कसं उघडलं?"

थोआला आठवले. पावसाळ्याच्या तोंडावर लासिना गावातल्या निम्म्या लोकांना घेऊन दाराशी गेला होता. तिथे त्याचे आणि झुमानाचे असे काही जुंपले की थोआ लांबच थांबली. हातवारे, आरडाओरडा, एकमेकांच्या अंगावर धावून जाणे. मग अचानक दार उघडले. त्या महिन्याच्या अहवालात तिने लिहिले होते: स्थानिक वाद उद्भवला, सामोपचाराने मिटला.

"भांडण झालं होतं," ती म्हणाली.

कोरोतुमू मांडीवर हात मारून हसली. "भांडण! अगं, तो जारा आणि हा त्राओरे. ते एकमेकांना शिव्या देणारच. त्यांचे बाप द्यायचे, आजे द्यायचे. जारानं त्राओरेला चवळीखाऊ म्हणायचं, त्राओरेनं जाराला म्हणायचं. तू माझा गडी, नाही तू माझा गडी. कुणी राग धरायचा नाही, धरला तर तो माणसात नाही. आणि त्राओरेनं चार शिव्या घालून काही मागितलं ना, तर जाराला नाही म्हणता येत नाही. सारं गाव पाया पडलं तरी तो नाही म्हणेल. त्राओरेला नाही म्हणायचं त्याच्या हातात नाही."

"आणि त्राओरेनं मागितलंच नाही तर?"

"तर मग उघडायचं कुणासाठी? पाट खोदला तेव्हा लासिनानं पहिल्यांदा दाराशी त्याला शिव्या घातल्या आणि पाणी सुटलं. दर वर्षी तसंच. त्याशिवाय सुटलेलं पाणी गावाला भांडणं लावील, असं म्हातारा म्हणतो, आणि खरं सांगू, गावालाही तसंच वाटतं."

थोआ विचारात पडली. अडचण समजली की तिचे डोके शांत होई. "तुझा मुलगा त्राओरेच आहे ना? त्याला बोलाव."

"तो आबिजानला, परमुलखात. एवढ्यात कसला येतो! त्यानं फोन लावला होता म्हाताऱ्याला. अर्धा तास शिव्या घातल्या बिचाऱ्यानं, फोनमधले सगळे पैसे संपवले. म्हातारा म्हणाला, फोनवरच्या शिवीला थुंकी उडत नाही. मला नको."

"मग तू? नाहीतर गावात दुसरा त्राओरे?"

"आमच्यात बायकोला माहेरचंच आडनाव राहतं, मी त्राओरे नाही. पण दुसरी आहे की एक," कोरोतुमू म्हणाली. "करवत घेऊन बांधावर बसलीय."

कालव्यातून एक बगळा उडाला आणि पलीकडे जाऊन बसला. थोआने काही क्षण त्याच्याकडेच पाहिले.

"पण तो मला मादाम म्हणतो. मान देतो."

"मान?" कोरोतुमूचा स्वर बदलला. "वन्सं, लासिना गेला त्या दिवशी म्हातारा अंगणात आला होता. आठवतं?"

आठवत होते. ते विसरणे तिला शक्यच नव्हते. अंगणात माणसे दाटली होती, मृतदेह चटईवर होता, आणि झुमाना फाटकातून ओरडतच आत आला होता. "ऊठ रे लासिना! फुकटचा निजलायस! माझं रान कोण नांगरणार, तुझा बाप?" लोक हसले होते. मग तो थोआकडे वळून म्हणाला होता, "काय गं, आता या घरातल्या चवळ्या तू एकटीच फस्त करणार वाटतं?" थोआच्या गावी मयताच्या घरी डोक्याला पांढरी पट्टी बांधतात आणि शवपेटीसमोर कुणी आवाज चढवत नाही. ती उठून सर्वांसमोर म्हणाली होती, "बाबा, आज तरी लाज बाळगा. जा इथून." झुमानाने टोपी काढून हातात घेतली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून ती मादाम झाली होती.

"तो असाच रडतो गं," कोरोतुमू हळू म्हणाली. "जारा त्राओरेच्या मयताला असाच रडतो. ते त्याचं कामच असतं. तू त्याला रडू दिलं नाहीस. आणि लासिना गेल्यावर म्हाताऱ्याला उलट शिवी द्यायची जागा तुझी होती. तू म्हणालीस, जा. म्हणजे तू त्राओरे नाहीस, आणि तो तुझा कुणी नाही. मादाम म्हणजे परकी बाई. तो तुला मान देत नाही, वन्सं. त्यानं तुला घराबाहेर काढलंय."

थोआने करवत उचलली, पाते पदराने पुसावे तसे सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि ती उठली.

"अगं, अजून कापणारच आहेस का?"

"नाही. ही जागेवर ठेवायचीय." ती दोन पावले चालून थांबली. "वहिनी, मला शिकव."

"काय?"

"शिव्या."

कोरोतुमूच्या स्वयंपाकाच्या छपराखाली शिकवणी सुरू झाली. कोरोतुमू उखळात बाजरी कांडत होती आणि थोआ समोरच्या बैठ्या स्टुलावर ताठ बसली होती, परीक्षेला बसावे तशी.

"आधी सांग, काय चालत नाही?" थोआने विचारले. कोणतेही यंत्र चालवण्याआधी ते कुठे तुटते हे विचारायचे, ही तिची सवय.

"आईवरून काही बोलायचं नाही. आई सोडून सगळं चालतं. नाक, कान, पोट, चाल, दात, शेत, अक्कल. आता बोल. मी झुमाना."

थोआने घसा साफ केला. "झुमानाबाबा, आपण फार चवळ्या खाता असं माझ्या कानावर आलं आहे."

मुसळ कोरोतुमूच्या हातून निसटले. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. "ही शिवी झाली का चौकशी? त्याला अजीर्ण झालंय की काय?"

"पुन्हा म्हणते. झुमानाबाबा, आपण—"

"ते बाबा काढ. आणि आपण तर आधी काढ."

"तो माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा आहे, वहिनी."

"तो तुझा गडी आहे."

थोआला आपले आजोबा आठवले. त्यांच्या समोरून जाताना वाकल्याशिवाय घरातले कुणी गेलेले तिला माहीत नव्हते. त्यांच्यासमोर उच्चारलेला एकेरी शब्द म्हणजे घरात वीज कोसळणे. तिने डोळे मिटले. "अरे झुमाना," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

"ऐकू नाही आलं."

"अरे झुमाना!"

शेजारच्या अंगणातून एक बाई भिंतीवरून डोकावली. "काय गं कोरोतुमू, म्हातारा आलाय का?"

"नाही. वन्सं शाळेत बसल्यात."

एका तासात तिथे पाच-सहा बायका जमल्या आणि प्रत्येकीने लासिनाची एकेक शिवी आणून थोआच्या ओटीत टाकली. तो झुमानाच्या कानांना काय म्हणे, सायकलीला काय म्हणे, त्याच्या घोरण्याला काय म्हणे. थोआने प्रत्येक शिवी तीनदा घोकून पाठ केली. बायका मनसोक्त हसत होत्या. ती एकदाही हसली नाही. एका बाजूला कोरोतुमूने चुलीवर चवळ्या चढवल्या होत्या.

"या कशाला?" थोआने विचारले.

"रिकाम्या हातानं जाशील का जेवायच्या वेळी?" कोरोतुमू म्हणाली.

दुपारच्या नमाजानंतर गावातले पुरुष कडुनिंबाखाली बसत. निखाऱ्यांवर छोटी चहादाणी, एकच पेला, आणि तो सर्वांमध्ये फिरे. झुमाना आपल्या चटईवर मांडी घालून पेल्यातला चहा उंचावरून ओतत होता. थोआ चवळ्यांचे भांडे दोन्ही हातांनी धरून आली. मागे कोरोतुमू, तिच्यामागे रोपवाटिकेतल्या साऱ्या बायका. झाडाखालचे बोलणे बंद पडले.

"या मादाम," झुमाना उठू लागला. "मादामना खुर्ची द्या."

थोआ उभीच राहिली. पाठ केलेले सारे जिभेवर होते आणि जीभ हलत नव्हती. "अरे झुमाना," ती अखेर म्हणाली, आणि आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच अनोळखी वाटला. "तू चवळ्या खातोस."

कुणी हसले नाही. एक-दोघांनी तिला लाज वाटू नये म्हणून जमिनीकडे पाहिले.

"मादामना ऊन लागलंय," झुमाना सौम्यपणे म्हणाला. "पाणी द्या कुणीतरी."

ती सौम्यता भिंतीसारखी होती. थोआला वाटले, इथून परत फिरावे, खोलीत जावे आणि साहेबांना फोन लावावा. मग तिला पिवळे शेंडे दिसले, आणि त्याहून स्पष्ट दिसला टोपी हातात घेऊन फाटकातून बाहेर पडणारा म्हातारा. पाठ केलेले तिने सगळे सोडून दिले. खुर्चीला वळसा घालून ती सरळ झुमानाच्या चटईवर गेली, त्याला कोपराने बाजूला सारून तिथेच बसली, चवळ्यांचे भांडे त्याच्या मांडीवर आदळले आणि त्याच्या हातातला पेला काढून घेऊन एका घोटात रिकामा केला.

"हा चहा आहे का पाक?" ती ओरडली. "माझ्या देशात एवढी साखर म्हशीला घालत नाहीत! दात पडले म्हणून आता जीभही पाडतोस का, बोळक्या?"

झाडाखाली एक माणूस खोकला. तो खोकला नव्हता, दाबलेले हसू होते.

"वीस वर्षं माझ्या भावानं तुला त्या दाराशी राखणीला बसवलं," थोआ म्हणाली. आवाज आता तिचा होता, बांधावरून पाच खाचरे ओलांडून जाणारा. "का, तर दुसरं कुठलं काम तुला झेपेना! भाऊ डोळ्यांआड झाला, आणि गड्याला वाटलं, आपणच मालक झालो! गळ्यात किल्ली बांधून गावभर फिरतोस, हरवलेल्या बकऱ्यासारखा! मालकीण आलीय तुझी. ऊठ, त्या चवळ्या गीळ आणि चल दार उघडायला!"

झुमाना हलला नाही. त्याने मांडीवरच्या भांड्यात पाहिले. मग डावीकडे, मग उजवीकडे.

"कुणी बोललं का रे?" त्याने शेजाऱ्याला विचारले. "की चवळ्यांचं भांडं उकळतंय?"

सारे झाड हसल्यासारखे झाले. बायकांनी टाळ्या पिटल्या.

"ऐकू येईल कसं?" थोआ म्हणाली. "तुझ्या कानांत ज्वारी पेरता येईल एवढा मळ आहे!"

झुमानाचा हात भांड्याच्या काठावर थांबला. "बाजरी," तो म्हणाला.

"काय?"

"लासिना बाजरी म्हणायचा. माझ्या कानांत बाजरी पेरता येईल, म्हणायचा." काही वेळ तो निखाऱ्यांकडे पाहत राहिला. "शिवी उसनी आणायची तर नीट आणावी."

"बाजरी तर बाजरी. पीक माझं, रान तुझं."

आता मात्र म्हातारा हसला, असा की त्याचे उरलेले दात सगळ्यांना दिसले. "एवढी मोठी चवळीखाऊ, आणि सबंध हिवाळा-उन्हाळा तोंडाला कुलूप! मी म्हटलं, लासिनानं मुकी बहीण आणली की काय!"

"कुलूप तुझ्याकडे आहे, म्हाताऱ्या. माझ्याकडे नुसतं तोंड."

"तेही लासिनाचंच. त्याचंही बंद होत नसे." झुमानाने चवळ्यांचा एक घास तोंडात टाकला, चावला आणि तोंड वाकडे केले. "मीठ नाही. त्राओरेंच्या घरी मीठ कधी नव्हतंच." मग तो उठला, झगा झटकला आणि तिला हात देऊन उठवले. "चल, ए गडीण. तुझ्या पाण्याला उशीर होतोय."

सारे गाव दाराशी आले. झुमानाने गळ्यातली किल्ली काढली आणि कुलूप उघडले, परंतु दार हलेना. गेल्या हंगामापासून दार वर उचलणाऱ्या मळसूत्राला गंज चढला होता आणि तळाशी गाळ दाटला होता. झुमानाने मळसूत्राच्या चाकावर जोर लावला, आणि थकून बाजूला झाला.

"बघा, जाराचं बळ!" थोआ म्हणाली.

"आणि त्राओरेंची अक्कल कुठाय? इतक्या लांबून आलीस ती काय नुसती बघायला?"

तिने रॉकेल मागवले, मळसूत्रावर सोडले आणि चाक आधी उलट बाजूला, खाली फिरवायला सांगितले.

"बंद असलेलं दार बंद करते!" झुमाना साऱ्यांना उद्देशून म्हणाला. "ही यांची शाळा!"

"बोलू नकोस, फिरव."

दोघे मिळून चाकाला लोंबकळले. चाक इंचभर खाली गेले, गंज कुरकुरला, आणि मग ते वरच्या दिशेला सुटले. दाराखालून आधी चिखल आला, मग फेसाळ तांबूस पाणी. बायकांनी आरोळी ठोकली. झुमानाने वाकून ओंजळभर पाणी घेतले आणि थोआच्या तोंडावर फेकले.

"हे कशाला?"

"लासिनाच्या तोंडावर दर वर्षी मारायचो. आंघोळ करत नसे तो."

थोआने तोंड पुसले नाही. तिने ओंजळ भरली, आणि आपल्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या असलेल्या माणसाच्या टोपीवर ती मोजून रिती केली.

खिशातला फोन वाजला. विभागीय कचेरी.

"मादाम, पोलीस निघायच्या तयारीत आहेत. पाठवू ना?"

"नको. पाणी सुटलं."

"कुलूप तोडलंत?"

"नाही. शिव्या दिल्या."

"कुणाला?"

"माझ्या गड्याला," थोआ म्हणाली आणि फोन बंद केला.

झुमाना तोवर बांधावर उभा राहून पाळी सांगू लागला होता. "पहिलं पाणी रोपवाटिकेला. मग कोरोतुमूचं रान. मग खालची आळी. कुणी मध्ये फोडलं तर माझ्याशी गाठ आहे." कुणी हू की चू केले नाही. बायका फावडी घेऊन पाण्याच्या पुढे पुढे धावत निघाल्या, वाटेतला पालापाचोळा काढत, उंदरांची बिळे बुजवत. पाण्याचे तोंड भेगांत शिरत, भरत, पुढे सरकत वाफ्यांच्या दिशेने चालले होते.

"ए चवळीखाऊ!" झुमानाने हाक मारली. "उद्या सकाळी येशील ना दाराशी?"

"तू जागा झालास तर," थोआने उत्तर दिले, आणि नमस्कारासाठी सवयीने जुळू लागलेले हात तिने कमरेवर ठेवले.

मग ती पाटाच्या पहिल्या वळणावर गेली. तिथे तिने स्वतः गेल्या वर्षी सिमेंटमध्ये बसवलेली मोजपट्टी होती. पाणी स्थिर होईपर्यंत ती थांबली, वाकून पातळी वाचली आणि वहीतल्या कोष्टकात पाहिले. विसर्ग: सेकंदाला चौसष्ट लिटर.